कैफियत, वादमित्र आणि मितानिन : आरोग्यविषयक कायद्याच्या लेखनाचे तौलनिक वाचन

आरोग्यसेवेचा कायदा हा विषय सर्वसाधारणपणे विधिशास्त्राच्या किंवा सार्वजनिक आरोग्यशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. साहित्याभ्यासाशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होऊ शकतो. परंतु कायद्यापुढे येणारे आजारपण हे प्रथम एक कथन असते. कोणीतरी ते सांगितलेले असते, कोणीतरी लिहून घेतलेले असते आणि कोणीतरी त्याचा निवाडा केलेला असतो. सांगणारा, लिहिणारा आणि निवाडा करणारा या तिघांच्या भाषा वेगवेगळ्या असल्या, तर त्या कथनाचे काय होते, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाचाच आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार छत्तीसगढ आणि महाराष्ट्र या दोन शेजारी प्रदेशांतील लेखनाच्या आधारे केला आहे. त्यासाठी कैफियत, वादमित्र आणि मितानिन या तीन संज्ञा मध्यवर्ती मानल्या आहेत.

१

कुम्हारी हे दुर्ग जिल्ह्यातील नगर रायपूर आणि भिलाई यांच्या दरम्यान, हावडा–मुंबई लोहमार्गावर वसलेले आहे. पोलाद कारखान्यामुळे भिलाईच्या परिसराचे औद्योगिकीकरण झाले आणि त्याबरोबर देशाच्या अनेक भागांतून कामगार येथे आले. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. या पट्ट्यातील सामान्य रुग्णाचा व्यवहार तीन भाषिक स्तरांवर चालतो. घरात आणि वस्तीत छत्तीसगढी (काही घरांत मराठी), दवाखान्याच्या खिडकीवर हिंदी आणि केसपेपरवर, चाचणीच्या अहवालात व उच्च न्यायालयाच्या निर्णयात इंग्रजी. दुखणे एका भाषेत होते, त्याची नोंद दुसऱ्या भाषेत होते आणि त्याचा न्याय तिसऱ्या भाषेत होतो. म्हणून येथे आरोग्यकायद्याचा प्रश्न हा भाषांतराचाही प्रश्न ठरतो.

मराठीच्या दृष्टीने या प्रदेशाला आणखी एक संदर्भ आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगढ हे नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेशी जोडलेले होते. त्या सत्तेबरोबर मोडी लिपीतील मराठी कारभारही या भागात आला. पुढे माधवराव सप्रे या मराठीभाषक संपादकाने १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले आणि लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवादही केला. राज्यकारभाराची मराठी आणि लोकप्रबोधनाची हिंदी या दोहोंचा संगम या भूमीत असा पूर्वीपासूनचा आहे. कागदाची भाषा आणि लोकांची भाषा एक नसणे हेही येथे नवीन नाही.

२

मराठी दफ्तरांतील कागदांचे जे प्रकार प्रसिद्ध आहेत, त्यांत महजर, करीना आणि कैफियत यांना महत्त्वाचे स्थान आहे. महजर हा सभेच्या निवाड्याचा कागद. करीना आणि कैफियत यांत वतनाच्या वा हक्काच्या वादातील पक्ष आपली हकीकत क्रमवार सांगतो. कैफियतीचे वैशिष्ट्य असे, की ती स्वतःच्या जीवनाविषयीची असूनही आत्मचरित्र नसते. ती कोणापुढे तरी, काही मागण्यासाठी मांडलेली असते. तिच्यातील प्रत्येक तपशील निवाड्याच्या अपेक्षेने निवडलेला असतो. दुःख सांगितले जाते, पण ते हक्काचा पुरावा म्हणून. आत्मनिवेदन आणि विधिनिवेदन यांच्या सीमारेषेवर हा लेखनप्रकार उभा आहे.

आजच्या मराठी न्यायालयीन परिभाषेत कैफियत म्हणजे प्रतिवादीने दाव्याला दिलेले लेखी उत्तर. हिंदी प्रदेशातील न्यायालयांत त्यासाठी 'जवाबदावा' हा शब्द रूढ आहे. 'जवाबदावा' हा शब्द केवळ कार्यपद्धती दर्शवितो. 'कैफियत' या शब्दात मात्र स्थिती, हकीकत आणि गाऱ्हाणे या तिन्ही छटा टिकून राहिल्या आहेत. डॉ. अरुण गद्रे यांनी वैद्यकीय व्यवसायातील गैरव्यवहारांविषयी डॉक्टरांनीच दिलेल्या साक्षींवर आधारित पुस्तकाच्या शीर्षकात 'कैफियत' हाच शब्द योजिला, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. समाजाच्या न्यायालयात आज डॉक्टर प्रतिवादी झाला आहे आणि प्रामाणिक डॉक्टराला आपली बाजू मांडावयाची आहे, हा भाव त्या एका शब्दातून व्यक्त होतो. १९७० च्या दशकात डॉ. अरुण लिमये यांच्या 'क्लोरोफॉर्म' या पुस्तकाने वैद्यकीय जगाचे अंतरंग मराठी वाचकांपुढे आणले होते. त्या परंपरेचा हा पुढचा टप्पा म्हणता येईल.

३

रुग्णाच्या बाजूची कैफियत न्यायालयात कशी पोहोचते, याचे मराठी भूमीतील एक महत्त्वाचे उदाहरण म्हणजे लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले हा खटला होय. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला मोटारीने पुण्यास आणण्यात आले. उपचार सुरू झाल्यानंतर ९ मे रोजी त्याचा मृत्यू झाला. पुरेशी भूल न देता हाड ओढून बसविल्यामुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू ओढवला, असे त्याच्या आईवडिलांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये निकाल देताना डॉक्टराचे दायित्व कायम केले. रुग्णाला स्वीकारताना, उपचार ठरविताना आणि उपचार करताना अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टराकडे काळजीपूर्वक वागण्याचे कर्तव्य असते, हे तत्त्व या निकालाने प्रस्थापित केले.

हा निकाल कथनशास्त्राच्या दृष्टीने वाचला असता काही गोष्टी लक्षात येतात. ज्याच्यावर सर्व घडले तो तरुण कथनात बोलू शकत नाही. दुसरे कथन डॉक्टराचे आहे. मृत्यूचे कारण कोणते, याविषयी ही दोन कथने एकमेकांना छेद देतात. न्यायालय त्यांतून तिसरे, अधिकृत कथन रचते. मधल्या पंधरा वर्षांत आईवडिलांचे दुःख मराठीतून इंग्रजीत, बोलीतून साक्षीत आणि साक्षीतून तत्त्वात रूपांतरित झालेले असते. तत्त्व उरते, ते सर्व देशाला लागू होते. आवाज मात्र मागे राहतो. कायद्याच्या संहितेची ही मर्यादा आणि हेच तिचे सामर्थ्य होय.

पुढील टप्पा इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालाचा. या निकालाने वैद्यकीय सेवा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली आणि रुग्णाला 'ग्राहक' हे नवे नाव मिळाले. दिवाणी न्यायालयाच्या तुलनेत अल्प खर्चात, वकिलावाचूनही तक्रार मांडण्याची सोय झाली. मात्र त्यात एक भेद होता. जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते, तेथील रुग्ण ग्राहक ठरत नाही. जेथे काहींकडून शुल्क घेतले जाते, तेथे विनामूल्य उपचार घेणारेही ग्राहक ठरतात. केवळ नाममात्र नोंदणी शुल्काने या स्थितीत फरक पडत नाही. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख नसल्यामुळे वाद निर्माण झाला होता. परंतु ही सेवा कायद्याच्या कक्षेतच आहे, ही भूमिका २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली.

या भेदाचा परिणाम कुम्हारीसारख्या ठिकाणी स्पष्ट दिसतो. पूर्णपणे विनामूल्य असलेल्या सरकारी आरोग्य केंद्रात आलेली शेतमजूर स्त्री ग्राहक नाही. शासकीय भाषेत ती 'लाभार्थी' आहे. त्याच वस्तीतील कारखान्याचा कामगार मात्र राज्य विमा योजनेत वर्गणी भरतो. म्हणून किशोर लाल विरुद्ध कर्मचारी राज्य विमा निगम या २००७ च्या निकालानुसार तो ग्राहक ठरतो. एकाच घरातील दोन व्यक्तींना कायदा दोन नावांनी हाक मारतो आणि त्या नावावरून त्यांच्या तक्रारीचा मार्ग ठरतो. लाभार्थी या शब्दात कृपा आहे, ग्राहक या शब्दात मोबदला आहे. दोन्हीत नागरिक नाही. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तातडीचा उपचार हा जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि निधीचा अभाव हे राज्याचे निमित्त होऊ शकत नाही असे म्हटले. तेथे नागरिक हा शब्द प्रथमच ठळकपणे पुढे आला. परंतु तातडीपलीकडच्या दैनंदिन उपचारांपर्यंत तो अद्याप पुरेसा पोहोचलेला नाही.

४

कायद्याच्या पुस्तकाबाहेर हा नागरिक घडविण्याचा एक मोठा प्रयोग याच परिसरात झाला. भिलाईच्या कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील कंत्राटी खाणकामगारांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना बांधली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये झालेल्या पोलीस गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. पुढे संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई यांचा बाळंतपणात योग्य उपचारांअभावी मृत्यू झाला आणि कामगारांनी स्वतःचे प्रसूतिगृह उभारण्याचा निश्चय केला. त्यातून ३ जून १९८३ रोजी, गोळीबारातील मृतांच्या स्मरणार्थ शहीद रुग्णालय सुरू झाले. डॉ. बिनायक सेन, डॉ. आशिष कुंडू, डॉ. शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर त्यात सहभागी झाले. नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. रुग्णालय मात्र चालू राहिले.

या प्रयोगाचे वाङ्मय वेगळ्या प्रकारचे आहे. भित्तिपत्रके, छोट्या पुस्तिका, घोषणा, सभेतील भाषणे हे त्याचे प्रकार. 'संघर्ष और निर्माण' ही त्याची मध्यवर्ती संकल्पना. येथे रुग्ण निवाड्याची वाट पाहणारा वादी नाही. तो सेवेचा निर्माता आहे. अतिसारावर कोणता उपचार करावा, अनावश्यक औषधे व सलाईन का टाळावीत, हे सांगणारी भाषा एकाच वेळी आरोग्यशिक्षणाची आणि राजकीय जागृतीची होती.

महाराष्ट्रातील समांतर प्रवाह याहून काहीसा भिन्न होता. १९७४ मध्ये सुरू झालेल्या मेडिको फ्रेंड सर्कल या गटात डॉ. अभय बंग, डॉ. अनंत फडके, डॉ. बिनायक सेन यांच्यासारखे दोन्ही प्रदेशांतील कार्यकर्ते एकत्र आले. त्यांचे परिपत्रक इंग्रजीत निघत असे. मराठीत मात्र लोकविज्ञान संघटनेच्या परिवारातून औषधांविषयी आणि रुग्णांच्या हक्कांविषयी जे लेखन झाले, त्याचा सूर सुशिक्षित वाचकाशी युक्तिवाद करण्याचा होता. छत्तीसगढमधील हिंदी लेखन सभेपुढे उभे राहून बोलते, तर महाराष्ट्रातील मराठी लेखन वर्तमानपत्राच्या वाचकापुढे बसून बोलते, असे स्थूलमानाने म्हणता येईल. पहिल्यामागे कामगार संघटना आहे, दुसऱ्यामागे एकोणिसाव्या शतकापासूनची निबंधपरंपरा आहे. गटाच्या नावातील 'मित्र' हा शब्द मात्र दोन्हींना जोडतो आणि त्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

या दोन प्रवाहांचा मेळ जनसुनावणी या प्रकारात झाला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि जन स्वास्थ्य अभियान यांनी २००४ मध्ये विभागवार जनसुनावण्या घेतल्या. पश्चिम विभागाची सुनावणी भोपाळ येथे जुलैमध्ये आणि राष्ट्रीय सुनावणी दिल्लीत डिसेंबरमध्ये झाली. २००७ पासून महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला आणि जनसुनावणी तालुका पातळीपर्यंत पोहोचली. गावातील स्त्री आरोग्य अधिकाऱ्यांच्या समोर, आपल्या भाषेत, आपली हकीकत सांगते आणि अधिकाऱ्याला तेथेच उत्तर द्यावे लागते. हा कैफियतीचाच नवा आविष्कार होय. फरक इतकाच, की जुन्या कैफियतीत वतनाचा हक्क वंशपरंपरेने सिद्ध करावयाचा असे. येथे केवळ माणूस असणे पुरेसे मानले जाते. मात्र जनसुनावणीचा निर्णय बंधनकारक नसतो. न्यायालयात आवाज हरवतो पण निर्णय मिळतो. जनसुनावणीत आवाज टिकतो पण निर्णयाची हमी नसते. आरोग्यहक्काच्या सर्व लेखनात हा पेच आढळतो.

५

हा पेच किती गंभीर आहे, हे बिलासपूर जिल्ह्यातील घटनेने दाखवून दिले. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी तेथील एका नसबंदी शिबिरात एकाच डॉक्टराने काही तासांत त्र्याऐंशी स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या आणि पाठोपाठच्या शिबिरांतील मिळून तेरा स्त्रिया मृत्यू पावल्या. नसबंदी शिबिरांविषयी बिहारमधील अनुभवावरून २०१२ मध्ये दाखल झालेली देविका बिस्वास यांची याचिका तेव्हा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होती. छत्तीसगढमधील घटनेचाही तीत विचार झाला. १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत थांबविण्याची दिशा दिली. त्याचबरोबर शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणी यादीतील मजकूर त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत समजावून सांगावा आणि तिला विचार करण्यास अवधी द्यावा, असेही सांगितले.

साहित्याभ्यासकांच्या दृष्टीने हा आदेश विशेष लक्षणीय आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमती ही पुरेशा माहितीवर आधारलेली असली पाहिजे असे म्हटले होते. देविका बिस्वास निकालाने त्यापुढे जाऊन माहितीच्या भाषेचा प्रश्न मांडला. २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही रुग्णाला ज्ञात असलेल्या भाषेत, त्याच्या आकलनाच्या पातळीवर माहिती देण्याचे तत्त्व आहे. याचा अर्थ असा, की संमतीपत्र हे आता केवळ सही घेण्याचा कागद राहत नाही. ते भाषांतरित संहिता ठरते आणि भाषांतर सदोष असेल तर संमतीही सदोष ठरू शकते. छत्तीसगढी बोलणाऱ्या स्त्रीसाठी संस्कृतप्रचुर हिंदीतील अर्ज ही समजणारी भाषा आहे काय? गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या स्त्रीसाठी प्रमाण मराठीतील अर्ज ही समजणारी भाषा आहे काय? 'स्थानिक भाषा' आणि 'समजणारी भाषा' या दोन गोष्टी एक नाहीत. भाषांतराच्या यशाची कसोटी मूळ संहितेशी असलेल्या निष्ठेत पाहावी की वाचकाच्या आकलनात, हा भाषांतरविद्येतील जुना वाद. येथे मात्र त्याचे उत्तर संदिग्ध ठेवता येत नाही, कारण त्यावर जीव अवलंबून असतो.

६

ज्याला स्वतः बोलता येत नाही त्याच्या वतीने कोणी बोलावे, हा यापुढचा प्रश्न. विधिपरिभाषेत अशा व्यक्तीला वादमित्र म्हणतात. अरुणा शानबाग प्रकरणात हा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने उपस्थित झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील ही परिचारिका १९७३ मधील हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षांच्या जवळपास अचेतन अवस्थेत होती. तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विरानी यांनी तिच्या वतीने दयामरणाची याचिका केली. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काही अटींवर निष्क्रिय दयामरणाचे तत्त्व मान्य केले. परंतु अरुणाच्या बाबतीत वादमित्र कोण, याचे उत्तर देताना तिची कथा लिहिणाऱ्या लेखिकेऐवजी तिची रोजची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना तो अधिकार असल्याचे सांगितले. त्या कर्मचाऱ्यांना तिने जगावे असे वाटत होते. १८ मे २०१५ रोजी तिचे निधन झाले.

येथे न्यायालयाने नकळत कथनाच्या नीतीविषयी एक सिद्धान्तच मांडला आहे. दुसऱ्याचे दुःख लिहिण्याचा अधिकार आणि दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार हे दोन वेगळे अधिकार आहेत. पहिला सहानुभूतीतून व अभ्यासातून मिळू शकतो. दुसरा सहवासातून आणि सेवेतूनच मिळतो. या निर्णयाशी मतभेद असू शकतो. दीर्घ सहवासाने रुग्णाविषयी जशी आत्मीयता निर्माण होते, तशीच आपली इच्छा हीच त्याची इच्छा मानण्याची वृत्तीही निर्माण होऊ शकते. तथापि साक्षिवाङ्मयाच्या अभ्यासात ज्या प्रातिनिधिकतेची चर्चा होते, तिला या निकालाने एक ठोस निकष दिला, हे नाकारता येत नाही.

वादमित्र या संज्ञेचे लोकजीवनातील प्रतिरूप छत्तीसगढच्या 'मितानिन' या शब्दात आढळते. २००२ मध्ये राज्यात गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्तीची योजना सुरू झाली, तेव्हा तिला हे नाव देण्यात आले. छत्तीसगढी समाजात मितान बदण्याची म्हणजे विधिपूर्वक मैत्री जोडण्याची प्रथा आहे. भोजली, महाप्रसाद, गंगाजल अशा नावांनी ती ओळखली जाते. ही मैत्री जातीच्या सीमा ओलांडू शकते आणि दोन्ही कुटुंबांना नात्याने बांधते. २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर आलेली 'आशा' ही इंग्रजी पदनामाच्या आद्याक्षरांतून घडविलेली संज्ञा आहे. महाराष्ट्रातील 'पाडा स्वयंसेवक' या संज्ञेत सेवाभाव आहे. मितानिन या शब्दात मात्र नाते आहे, आणि नात्याबरोबर परस्पर बांधिलकी. ती सरकारची माणूस म्हणून वस्तीत आली की वस्तीची माणूस म्हणून सरकारकडे गेली, यावर त्या शब्दाचा खरा अर्थ अवलंबून आहे. पहिल्या स्थितीत ती उद्दिष्टासाठी स्त्रियांना शिबिरापर्यंत नेते. दुसऱ्या स्थितीत ती अर्जातील मजकूर त्यांच्या भाषेत सांगते आणि नको असेल तर 'नको' म्हणण्यास बळ देते. एकच शब्द दोन्ही भूमिकांना झाकू शकतो, म्हणून त्याचे चिकित्सक वाचन आवश्यक ठरते.

७

कैफियत, वादमित्र आणि मितानिन या तीन संज्ञांमधून आरोग्यकायद्याच्या लेखनाचे तीन घटक स्पष्ट होतात: स्वतःचे सांगणे, दुसऱ्याच्या वतीने सांगणे आणि दोन भाषांच्या मध्ये उभे राहून सांगणे. न्यायालयीन निकाल, कामगारांची पुस्तिका, डॉक्टरांची साक्ष आणि जनसुनावणीतील हकीकत या संहिता आजवर स्वतंत्र कप्प्यांत ठेवल्या गेल्या. त्या एकत्र वाचल्या, तर मराठी आणि हिंदी यांच्या सीमेवरील एका मोठ्या वाङ्मयव्यवहाराचे दर्शन घडते. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला. इतर राज्यांतही अशा कायद्याची मागणी होत आहे. त्या कायद्यांत रुग्णालयांच्या आणि शासनाच्या जबाबदाऱ्या लिहिल्या जातीलच. परंतु रुग्णाची कैफियत कोणत्या भाषेत ऐकली जाईल आणि ती त्याला कोणत्या भाषेत परत वाचून दाखविली जाईल, याची तरतूद त्यांत नसेल, तर कुम्हारीच्या रुग्णाला मिळालेला हक्क त्याच्यासाठी परभाषेतील कागदच राहील.